जीप पेट्रोलची, इंजिन ट्रॅक्टरचं

गेले तीन शनिवार-रविवार एका जीपखाली गेले. अक्षरशः खाली. पाठीखाली गोणपाट, हातात टॉर्च आणि नाकावर गिअर ऑइलचा थेंब. सोमवारच्या मीटिंगमध्ये नखं लपवून बसायची वेळ आली. बायकोने आधी चौकशी केली, मग हसली, मग हसणं बंद केलं. आता ती फक्त खर्चाचा आकडा विचारते.

जीप आजोबांची. १९६८ ची सीजे-३बी, म्हणजे ती उंच बॉनेटवाली. जुन्नर तालुक्यात मामाच्या शेतावर, गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये सात-आठ वर्षं उभी होती. यंदा मामा म्हणाला, "तुला एवढी हौस आहे तर ने बाबा. माझ्याच्यानं आता क्लच दाबवत नाही." टेम्पोत घालून पुण्याला आणली. गॅरेजात मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, आत वाकून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, हे तर ट्रॅक्टरचं इंजिन आहे."

मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याची जरा लाजच वाटायची. मित्रांच्या घरच्या जीपा सुळकन जायच्या आणि आमची धडधडत. मोठा झाल्यावर विलिस जीपबद्दल वाचायला लागलो तेव्हा तर मामाचा रागच आला. दुसऱ्या महायुद्धाचा वारसा सांगणारी गाडी, तिचं मूळ हरिकेन इंजिन काढून टाकून त्या जागी नांगरणीचं धूड बसवायचं म्हणजे काय? त्यामुळे जीप ताब्यात आल्यावर पहिला बेत ठरलेला होता. मूळ पेट्रोल इंजिन शोधायचं, बसवायचं, जीप 'होती तशी' करायची.

मिस्त्रींनी चार पर्याय मांडले. एक, जुनं हरिकेन कुठूनतरी मिळवून नव्यासारखं करायचं. दोन, भंगारात निघालेल्या गाडीचं पूज्यो डिझेल टाकायचं. तीन, एखाद्या अपघातातल्या गाडीचं नवं कॉमन रेल इंजिन घालायचं, "मग बघा कशी पळते". चार, आहे तेच उघडून लायनर-पिस्टन करायचे. चौथा त्यांनी फार उत्साहाने सांगितला नाही.

निर्णय घ्यायचा म्हणून वाचायला लागलो आणि त्यात इतका गुंतलो की जीप तशीच राहिली. (हे माझं नेहमीचंच आहे. ऑफिसातही.)

१९४० सालची परीक्षा

पहिला धक्का इथेच बसला. जीपच्या जन्माच्या वेळी ट्रॅक्टरचं इंजिन स्पर्धेत होतं!

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने हलक्या, चारही चाकं ओढणाऱ्या टेहळणी गाडीची मागणी काढली. तीन कंपन्या उतरल्या. बँटम ही छोटी कंपनी सगळ्यात आधी, सप्टेंबरमध्ये, गाडी बनवून मोकळी झाली. तिच्यात काँटिनेंटलचं ४५ अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन होतं. मागोमाग विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड आल्या. फोर्डकडे एवढ्या लहान गाडीला शोभेल असं इंजिनच तयार नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या ९एन ट्रॅक्टरचं १२० घनइंचांचं इंजिन थोडे फेरफार करून बसवलं. तेही ४५-४६ अश्वशक्तीचंच.

विलिसकडे मात्र बार्नी रूस नावाचा इंजिनिअर होता. १९३८ मध्ये तो कंपनीत आला तेव्हा विलिसचं चार सिलिंडरचं इंजिन जेमतेम ४८ अश्वशक्ती द्यायचं. रूसने ते जवळजवळ प्रत्येक भागात सुधारून साठीच्या पलीकडे नेलं. त्याचं नाव 'गो डेव्हिल'. २१९९ सीसी, ४००० आरपीएमला ६० अश्वशक्ती. इंजिन जड असल्यामुळे विलिसची गाडी सैन्याच्या वजनाच्या अटीत बसेना. तेव्हा म्हणे बोल्टांची जादा लांबी कापली आणि रंगाचा एकच हात ठेवला. इंजिन मात्र बदललं नाही. सैन्याला ते इंजिनच आवडलं आणि जुलै १९४१ मध्ये सोळा हजार गाड्यांचं मोठं कंत्राट विलिसला मिळालं. पुढे फोर्डलाही विलिसच्याच नकाशाबरहुकूम, विलिसच्याच इंजिनाची जीप बनवावी लागली.

थोडक्यात, ट्रॅक्टर इंजिन त्या परीक्षेत नापास झालं. आणि साधारण चाळीस वर्षांनी आमच्या शेडमध्ये ते पास होऊन बसलं. हे कसं काय?

माझगाव

रूसचं नाव आपल्याकडच्या गोष्टीतही येतं. युद्धकाळात कैलासचंद्र महिंद्र अमेरिकेत भारताच्या खरेदी मंडळाचे प्रमुख होते, आणि तिथे त्यांची बार्नी रूसशी भेट झाली असं कंपनीच्या इतिहासात सांगतात. १९४५ मध्ये सुरू झालेली कंपनी तेव्हा 'महिंद्र अँड मोहम्मद' होती. यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि इकडे १९४८ मध्ये नावातला दुसरा 'एम'ही महिंद्र झाला. (लेटरहेडवर फक्त आद्याक्षरं छापली असती तर बदलावीही लागली नसती.) चाळीसच्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला सुट्या भागांतून विलिस जीपा जोडायला सुरुवात झाली.

आमची सीजे-३बी ही त्याच्या पुढची पायरी. गो डेव्हिलचे दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असायचे. १९५० च्या 'हरिकेन' इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेला आणि अश्वशक्ती पंच्याहत्तरीपर्यंत पोचली. इंजिन उंच झालं, बॉनेटखाली मावेना, म्हणून १९५३ च्या सीजे-३बीला ते उंच बॉनेट आलं. म्हणजे आपण ज्याला जीपचा 'चेहरा' समजतो, गावोगावी पोलीस, तहसीलदार, डॉक्टर आणि साखर कारखान्याचे चेअरमन ज्या चेहऱ्याने फिरले, तो इंजिन बदलल्यामुळे झालेला आहे. 'मूळ' जीप 'मूळ' जीप म्हणून मी जे नाचवत होतो ती स्वतःच एक अपग्रेड होती. इथे माझा पहिला बेत थोडा ढिला झाला.

बॅरलमध्ये काय आहे

आता इंधनाकडे येऊ. कारण इंजिनाचं लग्न इंधनाशी लागतं आणि सासू म्हणजे सरकार.

इंधन बदलण्याचं वेड आपल्याला सीएनजीने लावलं असं वाटतं, पण ते जुनं आहे. युद्धकाळात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा आपल्याकडच्या बस आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर धावायच्या. मागे पाण्याच्या बंबासारखं पिंप, त्यात लोणारी कोळसा, आणि हवा मुद्दाम कमी द्यायची म्हणजे कोळसा पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो गाळून इंजिनाला पाजायचा. ताकद जवळपास निम्मी व्हायची आणि घाटात उतारू खाली उतरून चालायचे. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा मला ती थाप वाटायची. थाप नव्हती.

पण युद्ध संपल्यावर लोक परत पेट्रोलवर आले, कारण तो पर्याय नाइलाजाचा होता. डिझेलचं तसं झालं नाही. डिझेलवर देशाची मालवाहतूक, एसटी, विहिरीवरची इंजिनं आणि ट्रॅक्टर चालायचे, म्हणून सरकारने त्यावरचा कर हलका ठेवला. पेट्रोल हे मोटारवाल्यांचं, म्हणजे श्रीमंतांचं, म्हणून त्यावर कर जड. मग १९७३ चा ऑक्टोबर आला. अरब देशांनी तेल अडवलं आणि पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेलं कच्चं तेल १९७४ उजाडेपर्यंत साडेअकरा-बारावर गेलं. नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले ते याच पेट्रोल दरवाढीच्या निषेधात. दर सगळ्यांचेच वाढले, पण पेट्रोल आणि डिझेलमधली दरी आपल्याकडे सरकारच्या हातात होती, आणि ती मोठीच राहिली.

याच काळात एकाच जीपचं तीन देशांत काय झालं ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेत १९६१ पासूनच सीजे-५ मध्ये पर्किन्सचं ६२ अश्वशक्तीचं डिझेल मिळत होतं. फारसं कुणी घेतलं नाही. पेट्रोल स्वस्त, कशाला धूर खा? उलट १९६५ मध्ये त्यांनी ब्यूककडून आलेलं १५५ अश्वशक्तीचं व्ही-६ इंजिन घातलं आणि गिऱ्हाईक खूश. जपानमध्ये मित्सुबिशी हीच सीजे-३बी परवान्यावर बनवत होती. त्यांनी पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी २१९९ सीसीच्या त्याच घराण्यातून डिझेल इंजिन काढलं, आणि त्यांची जीप १९९८ पर्यंत बनत राहिली.

आणि आपण? आपण ट्रॅक्टर उघडला.

१९६३ मध्ये महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टर कंपनी काढली. कांदिवलीच्या कारखान्यात बी-२७५ ट्रॅक्टर बनायला लागला. मूळ ब्रिटिश डिझाइन, ३५ अश्वशक्ती, शेतकऱ्यांच्या तोंडी नुसता 'बी टू सेव्हन्टी फाइव्ह'. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रमध्ये विलीनच झाली. म्हणजे एकाच छपराखाली एकीकडे पेट्रोल पिणारी, विकायला जड जाणारी जीप, आणि दुसरीकडे इथेच बनणारं, परकीय चलन न मागणारं डिझेल इंजिन. एमडी-२३५० हे जीपमधलं डिझेल त्याच घराण्यातलं. कंपनी नव्या जीपा अशा विकत होती आणि गावोगावचे मिस्त्री जुन्या जीपांत तेच इंजिन बसवत होते.

आमच्या जीपच्या आरसी बुकात हे सगळं एका ओळीत आहे. जुनं, कापडी बांधणीचं बुक आहे ते. पहिल्या पानावर इंधन पेट्रोल. नंतर १९८२ ची जांभळ्या शाईतली नोंद, नवा इंजिन नंबर, इंधन डिझेल, सही, शिक्का. बदल काय झाला, कधी झाला, कुणी मंजूर केला, सगळं आहे. का केला ते तेवढं नाही. आमच्या प्रोजेक्टमधल्या कमिट मेसेजसारखंच.

'का' मामाला फोन करून विचारलं.

"मामा, तेव्हा हरिकेन खराब झालं होतं का?"

"छे रे. गुळगुळीत चालत होतं."

"मग काढलंस कशाला?"

"अरे, विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन, त्याला डिझेल. ट्रॅक्टरला डिझेल. शेडमध्ये दोनशे लिटरचं बॅरल कायम भरलेलं. आणि एकट्या जीपसाठी पेट्रोल आणायला कॅन घेऊन नारायणगावला जायचं. लिटरला सात-आठचा ॲव्हरेज. तुझ्या आजोबांनी दोन वर्षं जीप नुसती पुसून ठेवली होती. लग्नकार्याला काढायची आणि परत झाकायची."

मग थोडं थांबून म्हणाला, "इंजिन बदललं तेव्हा कुठं ती गाडी झाली. नाहीतर विकायलाच काढली होती."

मी ज्याला वारशाची नासधूस समजत होतो त्याच्यामुळेच जीप आमच्याकडे राहिली होती. यावर काय बोलणार? "बरं" म्हटलं.

मामाचा मुद्दा अजून एक होता. नोझल खराब झालं, पंपाने त्रास दिला, तर ट्रॅक्टरचा माणूस बाजाराच्या प्रत्येक गावात. हरिकेनच्या कार्ब्युरेटरचा जाणकार पुण्यात. शिवाय ओढ्यातून जाताना पेट्रोल गाडीच्या डिस्ट्रिब्युटरवर पाणी उडालं की स्पार्क मेला आणि गाडी मधोमध बसली. डिझेलला स्पार्कच नाही. जुन्नरच्या पश्चिमेला पावसाळ्यात जो फिरलाय त्याला हे समजावून सांगायला नको.

अमेरिकन सैन्याने १९४० मध्ये विचारलं होतं की किती वजन, किती वेगाने, किती चढावर. मामाने १९८२ मध्ये विचारलं की बॅरलमध्ये काय आहे. पेपरच वेगळा होता.

एक बदललं की

अर्थात इंजिन बदलणं म्हणजे बल्ब बदलणं नव्हे. बेल हाउसिंग जुळत नाही म्हणून मध्ये लेथवर ॲडॉप्टर प्लेट करावी लागते. ती केसभर जरी तिरकी बसली तरी गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग वर्षभरात ओरडायला लागतं. डिझेल जड, म्हणून पुढच्या पाट्यांना एकेक पान वाढवायचं. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त, म्हणून मोठा स्टार्टर, म्हणून मोठी बॅटरी. नोझलमधून उरलेलं डिझेल टाकीत परत न्यायला वेगळा पाइप लागतो, जो पेट्रोल गाडीला नसतो. आमच्या जीपमध्ये तो कुणीतरी सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून जोडलेला निघाला!

आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे वायपर. जुन्या जीपचा वायपर विजेवर नाही, इंजिनाच्या व्हॅक्युमवर चालतो. पेट्रोल इंजिन हवा थ्रॉटलमधून ओढून घेतं, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये पोकळी तयार होते. डिझेलमध्ये वेग डिझेल कमी-जास्त करून सांभाळतात, हवा मोकळी असते. पोकळी नाही, मग वायपर कशावर हलणार? ज्यांनी कधी जुनं सॉफ्टवेअर सांभाळलंय त्यांना हे लगेच कळेल. इंजिन काढल्यावर पावसाळ्यात काच पुसली जात नाही हे आधी कुणाच्या डोक्यात येतं?

पण खरी गोम गिअरिंगमध्ये आहे. मी यावर एक अख्खा रविवार घालवला, त्यामुळे तुम्हालाही ऐकावं लागेल. सीजे-३बीच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ५.३८. म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिनाचे ५.३८ फेरे तेव्हा चाकाचा एक. चाकाचा फेरा साधारण २.२ मीटरचा. हे ४००० आरपीएमवर ताकद देणाऱ्या पेट्रोल इंजिनासाठी होतं. हिशेब केला तर ४००० ला ताशी ९८ किलोमीटर. आता तिथे २००० च्या आसपास खूश असणारं ट्रॅक्टरचं इंजिन ठेवा. ताशी ४९! लहानपणी आमची जीप एवढी का धडधडायची याचं उत्तर या एका भागाकारात आहे. साठ गाठायला ती जिवाच्या आकांताने ओरडत होती.

उलट बाजूने बघा. पहिला गिअर २.८, लो रेंज २.४६, डिफरन्शियल ५.३८, सगळ्यांचा गुणाकार ३७. इंजिन ६०० वर नुसतं आयडलिंग करत असेल तर जीप ताशी दोन किलोमीटरने, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, दगडांवरून चालत राहते. हायवेवर ज्याची लाज वाटायची ते घाटवाटेत गुण होऊन बसतं. हे मला तिसऱ्या शनिवारी कळलं, वयाच्या सदतिसाव्या वर्षी.

बाकीचे उमेदवार

१९७९ मध्ये महिंद्रने फ्रान्सच्या पूज्योकडून एक्सडीपी ४.९० चा परवाना घेतला. नावातच सगळं आहे, ४ सिलिंडर आणि ९० मिलिमीटर बोअर, २११२ सीसी. ते मोटारीतलं डिझेल होतं, चढ्या आरपीएमवर पळणारं, आणि एमएम-५४० जीपमध्ये ते आल्यावर डिझेल जीप पहिल्यांदा रस्त्यावर माणसासारखी चालायला लागली. मात्र "डिझेलला टॉर्क जास्त" हे वाक्य आपण आरतीसारखं म्हणतो ते इथे खोटं पडतं. कागदावर जुन्या हरिकेनचा टॉर्क पूज्योपेक्षा जास्तच आहे. पूज्यो जिंकलं ते ताकदीवर नाही, टाकीवर. पुढे त्याचंच २४९८ सीसीचं मोठं भावंड बोलेरोपर्यंत आलं.

पुणेकरांकडे आणखी एक पर्याय असायचा, मॅटॅडोरचं इंजिन. आकुर्डीला बजाज टेम्पो मर्सिडीजच्या परवान्याने २३९९ सीसीचं ओएम-६१६ बनवायची, म्हणजे जर्मनीत जे २४०डी टॅक्सीत लाखो किलोमीटर चाललं तेच. ते इंजिन जीपमध्ये घालून "मर्सिडीज आहे" असं सांगणारे लोक मी पाहिलेत. चूक काहीच नाही त्यात.

आणि ट्रॅक्टर घराणं? ते संपलं असं मला वाटत होतं. मग एक दिवस कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. इंटरनॅशनलच्या इंजिनांची नावं घनइंचांवरून असायची. बीडी-१४४ म्हणजे बी-२७५ चं. बोअर ३ पूर्णांक ३/८ इंच, स्ट्रोक ४ इंच. सीसीमध्ये करा, २३४६ येतात, तेच एमडी-२३५०. त्याचा थोरला भाऊ बीडी-१५४, बोअर साडेतीन इंच, स्ट्रोक तोच ४. सीसीमध्ये २५२३. आता बोलेरोचं डीआय इंजिन किंवा २०१० मध्ये आलेल्या थारचं डीआय मॉडेल घ्या. बोअर ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक १०१.६, म्हणजे बरोब्बर साडेतीन आणि चार इंच. २५२३ सीसी! मेट्रिक देशात एवढे विचित्र आकडे का, याचं कारण हे. सेव्हिंग्जमधून थार घेऊन लोणावळ्याला मिरवणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणांच्या बॉनेटखाली ब्रिटिश ट्रॅक्टरचा वंशज होता. माझी लाज तिथे संपली.

सीएनजी का नाही, असं ऑफिसात तिघांनी विचारलं. सीएनजीला स्पार्क लागतो. डिझेल इंजिनाला प्लग बसवून, कॉम्प्रेशन उतरवून ते करणं म्हणजे जवळजवळ नवं इंजिन बांधणं. पेट्रोल हरिकेनला किट बसेल, पण २०० बारच्या दाबाचा सिलिंडर ठेवल्यावर मागे माणसं बसवायची जागा उरत नाही. इलेक्ट्रिक किटचाही विचार केला, किंमत ऐकली, चहा प्यायलो.

कॉमन रेलचा मोह मात्र खरा होता. पण शंभरावर अश्वशक्ती १९६८ च्या तीन गिअरच्या डब्यातून पाठवायची तर गिअरबॉक्स, क्लच, ब्रेक, ॲक्सल सगळं बदला. शेवटी जुनं काय उरतं, तर नंबर प्लेट. आणि ते उरण्याचीही खात्री नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर बोट ठेवून सांगितलं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असे बदल चालणार नाहीत. इंधन बदलायच्या मान्यताप्राप्त किटला कायद्यात जागा आहे, पण इंजिन बदलायला आरटीओची परवानगी आधी, पाना-स्क्रू ड्रायव्हर नंतर. १९८२ ची ती जांभळी नोंद आज हवी तर सहज मिळणार नाही.

पूज्यो हा शहाण्या माणसाचा पर्याय, हे मी मान्य करतो. पण ज्या कारणाने मामाने डिझेल निवडलं ते कारणच विरघळलं आहे. पेट्रोलचे दर २०१० मध्ये मोकळे झाले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये, आणि दोघांमधली ती जुनी दरी पुष्कळ बुजली. महिन्यातून दोनदा भीमाशंकरच्या बाजूला जाणाऱ्या गाडीला ॲव्हरेजचा हिशेब लावण्यात अर्थ नाही. मग पैसे वाचवायला इंजिन बदलायचं तर बदलण्याचा खर्चच वसूल होणार नाही.

तर मिस्त्रींना सांगितलं, चौथा पर्याय. ते "बघा हं" म्हणाले आणि कामाला लागले. लायनर-पिस्टनचा सेट नाना पेठेत अर्ध्या तासात मिळाला, ट्रॅक्टरचं नाव सांगितल्यावर. हरिकेनसाठी याच दुकानदाराने मागच्या महिन्यात हात जोडले होते. डिफरन्शियल ४.२७ चं करायचं ठरवलं आहे, पुढचं आणि मागचं दोन्ही, कारण एकच बदललं तर फोर व्हील टाकल्यावर चाकं एकमेकांशी भांडतील. त्याने २००० आरपीएमला ४९ ऐवजी ६२ मिळतील. नाशिक हायवेवर ट्रकच्या मागे निवांत जाता येईल एवढं. रांगण्याचा वेग थोडा वाढेल, वाढू दे.

परवा इंजिन पहिल्यांदा सुरू केलं. काळा धूर, मग पांढरा, मग फक्त ती धडधड. मामाला फोन लावून ऐकवली. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "रिटर्नचा पाइप बदललास का?"

"बदलला. आणि १२ व्होल्टची मोटर घालून वायपरपण चालू केला."

"अरे वा," मामा म्हणाला. "मी इतके पावसाळे हातानं फिरवत होतो."